शेवटच्या ओळीतलं पाणी

एक माणूस सकाळी केळीच्या बागेला फेरी मारतो, दुपारी वांग्याचं भरीत आणि दोन भाकरी पचवतो, संध्याकाळी नातीला कॅरममध्ये हरवतो. त्याला ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. तरी एक यंत्रमानव म्हणतो, हा माणूस आजारी आहे. आता खरं कोणाचं मानायचं?

चार्वी भंगाळेसमोर हा प्रश्न होता. माणूस म्हणजे तिचे नाना, बाबांचे बाबा. यंत्रमानव म्हणजे आरोग्य केंद्रातून घरोघर फिरणारा मदतनीस. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण तो दंडाला पट्टा गुंडाळून आवळायचा, म्हणून रावेरकडची सगळी मुलं त्याला ‘चिमटा’ म्हणत.

“एकशे अडुसष्ट, अठ्ठ्याण्णव,” चिमटा म्हणाला.

“तुला पाहूनच माझं बीपी वाढतं,” नाना म्हणाले.

“तसं होतं काही जणांचं. शिवाय तुम्ही नुकताच चहा घेतलात, पायावर पाय टाकून बसलात आणि मी मोजत असताना केळीच्या भावावर बोलत होतात. अर्ध्या तासानं पुन्हा मोजू. पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. आणि पाच मिनिटं गप्प.”

“पाच मिनिटं?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही नाना गप्प नव्हते.”

नाना हट्टानं गप्प बसले. आकडा जरासा उतरला, पण पुरेसा नाही. मग चिमट्यानं एक छोटं यंत्र घरी ठेवलं. नानांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ स्वतःच मोजून पाहिलं. समोर चिमटा नव्हता, चहा नव्हता, गप्पा नव्हत्या. तरी आकडे चढेच राहिले.

एरवी नानांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण या वेळी अडचण होती. नाना कृषिशास्त्रज्ञ होते. चंद्रावरच्या भारतीय तळावर, पारदर्शक घुमटाखाली, केळीची पहिली बाग लागणार होती. तिथलं ठिबक (रोपाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी देणारी नळ्यांची रचना) नानांनी आखलं होतं आणि पहिलं रोपही त्यांच्याच हातानं लागायचं होतं. यान सुटायला पाच महिने होते. त्याआधीच्या तपासणीत रक्तदाब आटोक्यात नसेल, तर यानात दुसरं कोणी बसणार होतं.

“तुम्हाला मागे रक्तदाबाची गोळी दिली होती ना?” चिमट्यानं विचारलं.

“दोन महिने घेतली. आकडा उतरला, मग बंद केली. बरं झाल्यावर औषध कोण घेतं? मी ठणठणीत आहे.”

आतलं लाटणं थांबलं.

“माझे बाबाही ठणठणीत होते,” आई म्हणाली. थोड्या वेळानं लाटणं पुन्हा सुरू झालं.

चार्वीनं आईच्या बाबांना फक्त फोटोत पाहिलं होतं. ते कसे गेले, याबद्दल घरात कोणी फारसं बोलत नसे. चिमटा अंगणात गेला, तशी ती उठली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसली.

“मला नीट सांग. रक्तदाब म्हणजे काय?”

चिमट्यानं आपल्या छातीवरचा पडदा उजळला. त्यावर मुठीएवढं हृदय धडधडू लागलं.

“हृदय हा पंप आहे. तो रक्त ढकलतो, तेव्हा ते धमन्यांच्या (हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींवर आतून रेटा देतं. हा रेटा म्हणजे रक्तदाब. तो लागतोच. तो नसेल तर रक्त मेंदूपर्यंत चढणार कसं?”

“मग आकडे दोन का?”

“हृदय आवळतं तेव्हा रेटा सर्वांत जास्त, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडतं, तेव्हा जो रेटा उरतो तो खालचा. साधारण एकशे वीस आणि ऐंशीच्या आत असले तर उत्तम. कधी तरी वाढले तर घाबरायचं नाही. तू धावलीस की तुझेही वाढतात आणि बसलीस की उतरतात. नानांचे बसल्यावरही उतरत नाहीत, हा आजार.”

चार्वीनं विचार केला. “आपल्या विहिरीचं पाणी क्षारांचं आहे. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि पाणी अडतं. नाना वरण वाढलं की आधी मीठ मागतात. तेच मीठ त्यांच्या नळ्यांत साचलंय?”

“छान अंदाज, पण चुकीचा. मीठ धमन्यांत थर धरत नाही. ते शरीरात पाणी धरून ठेवतं. तेवढ्याच नळ्यांत जास्त रक्त मावायचं, म्हणजे रेटा वाढतो. पण नुसत्या मिठाला दोष देऊ नकोस. वय, घराण्याची ठेवण, वजन, झोप, काळजी, बसून राहणं, सगळं मिळून होतं. बहुतेकांचं असं एकच कारण सापडत नाही.”

“पण नानांना काहीच होत नाही.”

“होतंय. कळत नाहीये. धमन्यांच्या भिंतींना हा रेटा टोचत नाही, म्हणून त्या ओरडत नाहीत. वर्षानुवर्षं मुकाट्यानं झिजतात, ताठ होतात.”

त्या रात्री चार्वी लवकर झोपली, कारण सकाळी तिला नानांच्या आधी उठायचं होतं.

घरामागे नानांचा प्रयोगाचा वाफा होता, चंद्रावरच्या बागेची छोटी नक्कल. तिथे पंपाजवळ दाब आटोक्यात ठेवणारा व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढे दाबमापकाचा काटा होता. नाना दात घासत आले, तेव्हा चार्वीनं तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवला होता.

“अगं, काय केलंस हे?”

“काटा कितीतरी दिवस हिरव्या पट्ट्यातच होता, नाना. सगळं ठीक आहे, मग व्हॉल्व्हचं काय काम?”

“काटा हिरव्यात होता तो व्हॉल्व्हमुळेच.” नाना तोंडातला फेस थुंकून पुढे आले. काटा लाल पट्ट्यात थरथरत होता.

“पण झालं काय? बघा ना, थेंब तसेच पडताहेत. रोपं ठणठणीत आहेत.”

“इथून तसं दिसतं. थेंब सारखेच पडावेत अशीच तोट्यांची रचना आहे. उताराच्या टोकाला चल, शेवटच्या ओळीत. पाणी पंपापाशी फुटत नाही.”

शेवटच्या ओळीत एक जोड सुटला होता. ना आवाज, ना कारंजं. पाणी मुकाट वाहत होतं आणि रोपाच्या बुडाशी चिखल झाला होता. नाना उकिडवे बसले. त्यांनी जोड हातात घेतला.

“नाना,” चार्वीनं हळूच विचारलं, “तुमची शेवटची ओळ कुठे आहे?”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग चिखलाकडे पाहिलं. पाच मिनिटं कोणी न सांगताही ते गप्प होते.

“मेंदूत,” ते शेवटी म्हणाले. “डोळ्यांत. मूत्रपिंडांत. फार बारीक नळ्या असतात तिथे. आणि खुद्द पंपही थकतो.” ते उठले. “तू हे मुद्दाम केलंस ना?”

“हो.”

“माझ्या प्रयोगाची वाट लावलीस.”

“हो.”

“चल, व्हॉल्व्ह बंद कर. पूर्ण नको, होता तेवढा. आणि तुझ्या त्या चिमट्याला बोलाव.”

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढे एकदा मात्राही बदलली. नाना ती दात घासल्यावर घेत, म्हणजे विसरायला नको. पानातलं वरचं मीठ गेलं. पापड आणि लोणचं सणावारापुरतं उरलं. पहिले काही दिवस नाना जेवताना, “हे भरीत आहे की औषध?” असं म्हणत. आई काही न बोलता लिंबाची फोड वाढायची. लिंबू पिळलं की भरीत बरं लागतं, हे नानांनी पुढे कबूल केलं. संध्याकाळी कॅरमच्या आधी चार्वी त्यांना झपझप चालायला नेई. आकडा एकदम नाही उतरला. कधी दोन पावलं खाली, कधी एक वर. पण उतरत राहिला.

अंतराळ केंद्रातल्या शेवटच्या तपासणीत नानांनी पाय जमिनीवर ठेवले, पाठ टेकली आणि ओठ घट्ट मिटले. एकशे बावीस, शहात्तर.

“गोळी चालू आहे का?” तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

“चालू आहे आणि चालू राहील,” नाना म्हणाले. “गोळीवर आकडा ठीक आहे, म्हणजे गोळी काम करतेय.”

डॉक्टरांनी सही केली. “ताब्यातला रक्तदाब आम्हाला चालतो. लपवलेला चालत नाही.”

पहिलं रोप लावायच्या दिवशी सगळं गाव ग्रामपंचायतीच्या मोठ्या पडद्यासमोर जमलं. घुमटाबाहेर काळं आकाश होतं, आत नाना गुडघे टेकून बसले होते. त्यांनी केळीच्या मुळाशी माती दाबली आणि नळी जोडली. चंद्रावर गुरुत्वाची ओढ कमी, त्यामुळे पाण्याचा थेंब नळीच्या तोंडाशी फुगत गेला, फुगत गेला आणि कसा सावकाश खाली उतरला. गावानं टाळ्या वाजवल्या. चिमट्यानंही वाजवल्या, त्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

नानांनी पडद्यातून डोकावून खिशातली डबी दाखवली. “चार्वे, घेतली बरं का आजची. आता एक सांग. इथे पाणी एवढं हलकं झालंय, तर माझ्या रक्ताला डोक्यात चढायला सोपं जात असेल का?”

 चार्वीनं आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

“शोधते, नाना,” चार्वी म्हणाली. “तुम्ही परत या, तोवर सापडेल.”