हिरड्यापासून नऊ झाडं

कड्यावरच्या हिरड्याचा फोटो काढायचा, एवढ्यासाठी भादव्यातल्या एका सकाळी मी आणि माझी नात ज्ञानेश्वरी नगरकडच्या अकोल्याच्या डोंगरात शिरलो. त्या हिरड्याची फळं वेचून, विकून मी चार लेकरं वाढवली. वळवात त्याच्यावर वीज पडली, अर्धा जळाला. आता त्याचा भरवसा नव्हता. नगरला पोरीच्या झाडांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, आणि भिंतीवर पहिला मान हिरड्याचा, असं मीच बजावलेलं.

"आजी, वाट सापडंल ना?"

"सत्तर वर्सं हितं गेली माजी. मला इचारतीस?"

पोरगी फोटो काळेपांढरे काढते. "येवढा हिरवागार डोंगर, आन् तू त्याला राख फासतीस!" मी म्हणाले. ती हसली. वाटेतल्या दर मोठ्या झाडापाशी थांबत, पार आमच्या परसातल्या आंब्यापासून तिनं नऊ झाडांचे फोटो घेतले.

ओढ्यात तिचा पाय घसरला. दंड धरून मी तिला ओढलं, पण तिच्या खांद्यावरची पिशवी वाहून गेली! मोबाईल त्यात, कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी त्यात. ती म्हणाली, "माघारी जाऊ." मी ऐकते होय!

वर पोचलो आणि धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. हिरड्याच्या बुंध्याला पाठ टेकून दोन तास बसलो. थंडीनं पोरीचे दात वाजायला लागले.

"चल, डोळे झाकून नेते तुला," म्हणत मी उठले. शंभरेक पावलं गेले असेन. पायाखालचा दगड सुटला. पडल्याचा आवाजच आला नाही! कडा!

दुसऱ्या अंगानं उतरले. पुन्हा पोकळी! फिरून फिरून हिरड्यापाशीच. तीन सुनांना नुसत्या खाकरण्यानं उठवणारी मी. धुक्यापुढं माझं काही चालेना.

"मला वाट न्हाई गावत," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

तेवढ्यात वारा सुटला. धुकं फाटलं! हिरडा समोर उभा. एक अंग कोळसा, एक अंग पाल्याचं, मागं पांढरंफेक. पोरीनं कॅमेरा उचलला. लाल दिवा लुकलुकत होता.

"किती राह्यलीय बॅटरी?"

"संपतच आलीय. एक फोटो निगंल, नायतर तेवढ्यातच बंद पडंल."

"मग मगाची नऊ झाडं पडद्यावर दिसायची न्हाईत? वाट कशी गावंल?"

तिनं मान डोलावली. मला हिरड्याकडं बघवेना. मी भिंगावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे त्याला."

धुकं पुन्हा दाटलं.

मग माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत. एकेक झाड ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवायची, लगेच बंद करायची. रंग नव्हते, नुसती झाडांची हाडं. मला ती चटकन ओळखू आली. "ह्यो उंबर. फोटूत ढोली म्होरं हाय, म्हंजे येताना आपन ढोलीच्या अंगानं आलो. आता ढोलीच्या अंगानंच खाली." बुंधे हातानं चाचपत आठ झाडं उतरलो. पडदा काळा पडला! उभ्या राहिलो. कान देऊन ऐकलं. आणि खालून आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीची पुकपुक आली.

परसात आंब्याखाली थोरली सून पुष्पावती उभी. "वाट आत्याबाईंनी दावली आसंल."

"मी चुकवली," म्हणाले. "पोरीच्या झाडांनी आनलं."

पुढं परतीच्या पावसात हिरडा दरीत गेला.

नगरला पोरीनं उतरणीच्या क्रमानं नऊ झाडं लावली. पहिली जागा मोकळी सोडली. माणसं फोटो बघत फिरत होती. मी त्या मोकळ्या भिंतीला पाठ टेकून बसले.