पॅसेजमधली तार

दार लोटून घ्या रे, वारा येतोय. आणि मध्येच खिदळलात तर सांगणार नाही. हे आपल्या समोरच्या हवालदारांच्या घरात घडलंय.

गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. संध्याकाळी हवालदार माझ्याकडे पक्कड मागायला आले. आता कुणी काही मागितलं की कशाला ते विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

"तार तोडायचीय," म्हणाले.

हवालदार फौजेत टेलिफोनच्या तारा टाकायचे. खांद्यावर रीळ, ठाण्यापासून पार पुढच्या चौकीपर्यंत. रात्री तार तुटली की अंधारात ती मुठीतून सरकवत जायचं, तुटकं टोक लागलं की सांधायचं, आणि तिथूनच आपला फोन जोडून दोन्हीकडे घंटी द्यायची. "लाइन चालू, परत ये" असं ऐकू आल्याशिवाय माघारी फिरायचं नाही.

भंगारात निघालेले तसले दोन फोन त्यांनी मुलासाठी घरात लावले होते. एक त्याच्या खोलीत, एक स्वतःच्या उशाशी, मध्ये पॅसेजमधून तार. इकडे हँडल फिरवलं की तिकडे वाजायचा. पोरगं डावखुरं, सांधताना तारेला पीळ उलटा घालायचं. "गाढवा, तुझा सांधा आंधळासुद्धा ओळखेल!" हवालदार ओरडायचे, नि मग स्वतःच हसायचे.

पुढे तोही त्याच खात्यात गेला. तोवर तारा मागे पडून टॉवर नि उपग्रह आले होते.

"बाबा, आता कुठूनही बोलता येतं."

"हवेवर कसला भरवसा ठेवतोस रे?"

एका डोंगरावरच्या चौकीचा टॉवर बंद पडला. तो दुरुस्तीला चढला, आणि वरून बर्फ कोसळलं. सापडलाच नाही.

तेव्हापासून वहिनी, त्याची आई, त्याच्या खोलीत झोपायच्या. रात्र रात्र हँडल फिरवायच्या. अन्न सुटलेलं.

"मी उचलतो," हवालदार म्हणाले, "नि ती विचारते, तो बोलला का? किती वेळा नाही म्हणू हो? अशानं ही पण जाईल."

त्यांनी तार मधोमध तोडली. मी दारातून बघत होतो. दोन्ही टोकं लोंबत राहिली. पक्कड घेऊन मी घरी आलो.

पुढचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

रात्री पावणेतीन. उशाशी घंटी वाजली.

ते उठून बसले. तार तर तुटलेली...

पुन्हा वाजली.

उचलला. वारा. नुसता वारा... आणि त्यात कुणाची तरी धाप.

मग त्याच फोनमध्ये वहिनींचा आवाज आला. पलीकडच्या खोलीतून.

"जेवलास का रे?"

वारा...

"नको बोलूस. दमला असशील."

धाप हळूहळू बसली. पण तो गेला नाही. थांबून राहिला...

कशासाठी, ते हवालदारांनी ओळखलं. माघारीच्या निरोपाची वाट बघत पोरगं कधीचं बाहेर उभं होतं.

त्यांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"लाइन चालू," शेवटी म्हणाले. "परत ये, बाळा."

वारा थांबला.

सकाळी वहिनींनी आपणहून चहा मागितला, सोबत पोळीही खाल्ली. हँडलला त्यानंतर हात लावला नाही. हवालदार माझ्या दारात आले, मला हाताला धरून पॅसेजमध्ये घेऊन गेले.

तार अखंड. मधोमध नवा सांधा.

मी त्यावरून बोट फिरवलं...

पीळ उलटा होता.