कोऱ्या टेपची सावली

काम साधं होतं. टेपवाल्या काकांकडून दादाचं रीळ परत आणायचं आणि चारच्या आत घरी यायचं. निघताना वहिनीने बजावलं होतं, तिथे ऐकत बसू नका, भावजी, तुम्हाला झेपणार नाही. धाकट्याने मान डोलावली. मान डोलावण्यात तो लहानपणापासून पटाईत होता.

दादाला जाऊन दोन महिने झाले होते. त्याने आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली होती. ब्रिटनमधली जुनी लोकगीतं, खलाशांची आणि मेंढपाळांची, सॅक्सोफोनवर मोडूनतोडून वाजवलेली. याला प्रयोगशील जॅझ म्हणतात, असं तो सांगायचा. टायरच्या दुकानात राबणारा धाकटा म्हणायचा, मांजराची शेपटी दारात सापडली की असंच वाजतं. दादा हसायचा. तेव्हा ती रेकॉर्ड कुणी घेतली नाही. आता एक छोटी कंपनी दोन नव्या रेकॉर्डींबरोबर हीसुद्धा पुन्हा काढणार होती. माणूस गेला की जगाला कान येतात.

काकांची खोली तळघरात होती. खिडकी नाही, भिंतींना जाड फोम. दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यावी इतकी शांतता, आणि तापलेल्या धुळीचा वास. ओल धरलेली जुनी टेप काकांनी आठ तास मंद उबेत शेकून ठेवली होती. अशी टेप एकदाच नीट वाजते, मग तिचा थर गळायला लागतो. त्या एका फेरीत तिची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. ती फेरी आता सुरू होणार होती. रीळ हवं तर थांबावं लागेल, असं काका म्हणाले.

धाकटा बसला. बसला की त्याचा उजवा पाय हलायला लागायचा. दादा त्याला भिंगरी म्हणायचा आणि गुडघ्यावर हात दाबून तो पाय थांबवायचा.

पहिलं गाणं सुरू होण्याआधी तेच गाणं अगदी लांबून ऐकू आलं. दोन सेकंदांनी खरं गाणं लागलं. धाकट्याने दचकून काकांकडे पाहिलं. काकांनी समजावलं, टेप वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळलेली असते, एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो.

"आधी सावली येते, मग माणूस. एवढंच."

धाकट्याला गाणी नकोच होती. त्याला दादाचा आवाज हवा होता. शेवटच्या संध्याकाळी दादाने तीनदा फोन केला होता, आणि किरकोळ भांडणाच्या रागात धाकट्याने फोन पालथा घालून ठेवला होता. दादाला काय सांगायचं होतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. रेकॉर्डवर दादाचा एक शब्द नव्हता. पण गाणं संपल्यावर टेप फिरत राहिली असेल, तो काहीतरी बोलला असेल...

शेवटचं गाणं समुद्रावरून न परतलेल्या भावाचं होतं. ते संपलं. टेपवर दादाने श्वास सोडला. काकांचा हात बटणाकडे गेला, तो धाकट्याने धरला.

"राहू द्या, काका."

"पुढे कोरी आहे रे."

"कोरीच ऐकतो."

नुसती खरखर. मग त्या खरखरीत, लांब कुठेतरी, कप फुटला आणि कुणीतरी "च्यायला" म्हणालं. नीट ऐकायला धाकटा पुढे वाकला, त्याचं कोपर लागलं आणि काकांचा कप फरशीवर फुटला.

"च्यायला," तो म्हणाला.

काका यंत्राकडे बघत राहिले. "यावर रेकॉर्ड होतच नाही," ते हळूच म्हणाले. "फक्त वाजतं."

टेपवर लांब एक फोन वाजला. या वेळी मिनिटभर काहीच झालं नाही. मग टेबलावरचा फोन वाजला. वहिनी होती, भावजी निघाले का म्हणून विचारत होती. काकांनी हो म्हटलं आणि ठेवून दिला.

"बंद करतो."

"नका... काका, नका..."

रिळावर चार वेढे उरले होते. सॅक्सोफोन अलगद खाली ठेवल्यासारखा आवाज आला. मग, खूप लांबून, दादा.

"भिंगरी... पाय हलवू नकोस. चल आता. न्यायला आलोय मी."

टेपचं टोक सुटलं आणि रीळ फटफट फिरत राहिलं. काकांनी यंत्र बंद केलं. दोघं दाराकडे कान लावून बसले. सावली येऊन गेली होती. कपाच्या वेळी दोन सेकंद लागले, फोनच्या वेळी मिनिट. आता किती, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

कुणी आलं नाही. धाकट्याने घरी येऊन रीळ दादाच्या कपाटात ठेवलं आणि वहिनीला सांगितलं, काही ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. कंपनी नक्कल मागत होती. कपाचा आणि फोनचा आवाज नकलेत उतरलाच नव्हता. दादाचे शब्द तेवढे उतरले होते. ते कापून पाठवू का, असं काका विचारत होते.

"आणि अजून एक..." काकांचा आवाज खाली गेला. "परवा फार लांबून येत होतं. आज जवळून येतंय."

वहिनी आतून विचारत होती, कुणाचा फोन. धाकटा दादाच्या खुर्चीत बसला होता. कापा, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण तीनदा वाजून थांबलेला तो फोन त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"राहू द्या," तो म्हणाला. "या वेळी उचलतो मी."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, उजवा पाय हलायचा थांबला होता. त्याने खाली पाहिलं. गुडघ्यावर पँट पाच ठिकाणी दबलेली होती.