‘प्रयत्न करील’

कोर्टाच्या जिन्यात तो तिच्यावर जवळजवळ आदळलाच. काळा कोट हातावर, चेहरा उतरलेला. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगारांसाठी जीव तोडून भांडून वकीलसाहेब हरले होते.

"माफ करा," तो म्हणाला आणि पुटपुटला, "'राज्य प्रयत्न करील' म्हणे! हा शब्द घातला तरी कुणी?"

"मी," ती म्हणाली. "म्हणजे... मी सरकारी भाषांतरकार. राज्यघटनेच्या त्या भागाचं भाषांतर माझं आहे."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भरपाई म्हणून त्यानं चहा पाजला, पण तिथंही भांडलाच.

"काम मिळणं, म्हातारपणी आधार... सगळं मार्गदर्शक तत्त्वांत ढकललंय. कोर्टात दाद मागता येत नाही. मग उपयोग काय?"

"सरकारनं कायदे करताना तिकडे बघायचं."

"नाही बघितलं तर?"

"तर लोकांनी जाब विचारायचा."

"तुमच्याशी भांडायला रोज यावं लागणार," तो म्हणाला. आणि आला की खरंच! भांडता भांडता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग तिची दूरच्या शहरात बदली झाली. नकार द्यायचा तर उद्याच कळवायचं होतं. त्याच जिन्यात तिनं विचारलं, "मी गेले तर... तू येशील मागे?"

त्यानं खिशातून रुमाल काढला. घरी आई एकटी, वकिली नुकती कुठे मूळ धरत होती.

"प्रयत्न करीन," तो म्हणाला.

आपलाच शब्द आपल्यालाच इतका लागेल असं तिला वाटलं नव्हतं. पण याच्याआधी तिच्याशी झालेला साखरपुडा मोडून जो गेला, त्यानं 'नक्की' म्हटलं होतं, अगदी हसत हसत. हा मात्र घाम पुसत होता. खोटं बोलणं सोपं असतानाही बोलला नव्हता. तिला तो फार, फार आवडला.

"आणि नाही जमलं तर?" तिनं विचारलं. "मी कुणाकडे दाद मागायची?"

"माझ्या आईकडे. ती माझी बाजू ऐकूनच घेत नाही... निकाल तुझ्याच बाजूनं लागेल."

ती हसली, तेव्हा डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. ते तिनं पुसलं नाही.

"चल मग," ती म्हणाली.

"कुठे?"

"घरी तुझ्या. जायच्या आधी आईंना भेटायला नको?"