उबवणपेटीचा गारवा

चेतापेशीचं टोक थांबलं होतं. एरवी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाची ती पेशी काचेवरच्या थेंबात जिवंत राहायची. तिचा बारीक तंतू पुढे सरकायचा, चाचपडायचा, जरा मागे यायचा. आज हालचाल नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाक्षायणीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. उबवणपेटीतला पारा चढलेला होता. तुटलेली नस पुन्हा वाढते कशी, हे तिला शोधायचं होतं. पेटीच बिघडली, तर काम तिथेच संपणार.

पदार्थविज्ञानाचा नवा व्याख्याता, नातेपुत्याचा मानसिंग, याला तिने बोलावून घेतलं. त्याने पेटी उघडली, तपासली, बंद केली.

"यंत्र ठीक आहे. सोलापूरच बिघडलंय."

"म्हणजे?"

"पेटीला तापवणं जमतं, गार करणं न्हाय. अन् मे महिन्यात ही खोलीच लई गरम हाय की!"

ती हसली... आणि आपण हसलो, याचं तिला नवल वाटलं.

पानवाले विड्याची पानं जपतात तसं त्याने पेटीवर ओलं गोणपाट घातलं. पारा उतरला. मग रोज दुपारी तो बादली घेऊन हजर.

"पाणी शिपाईही शिंपडेल," ती म्हणायची.

"त्याला कळायचं न्हाय—"

"किती शिंपडायचं?"

"किती वेळ थांबायचं."

त्याच पावसाळ्यात त्याने लग्नाचं विचारलं. ती "बघू" म्हणाली. तो मराठा, त्याच्या घरी मटण शिजायचं. तिचं घर लिंगायत, कडक शाकाहारी. प्रयोगशाळेत अंडी हाताळली म्हणून अंघोळ केल्याशिवाय तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. तिने पुन्हा विषय काढला नाही. त्यानेही नाही. पुढचा मे आला, तरी दुपारचं पाणी चुकलं नाही.

एका दुपारी तिचे वडील, भुसार व्यापारी संगप्पा, थेट प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

"दाक्षा, अक्कलकोटची मंडळी संध्याकाळी येतायत. स्थळ चांगलंय. एकच म्हणणं, हे अंड्यांचं बंद करायचं." त्यांची नजर बादलीवर गेली. "हे कोण?"

"पेटी बघायला येतो," मानसिंग म्हणाला.

"रोज बिघडते?"

"न्हाय... मी रोज येतो."

संगप्पांनी मुलीकडे पाहिलं. मानसिंग खाली बघत होता. गोणपाटाचं पाणी त्याच्या चपलेवर ठिबकत होतं. दाक्षायणीने हात पुसले.

"अप्पा, त्यांना येऊ नका म्हणून कळवा. काम मी सोडणार नाही. आणि लग्न... लग्न मी मानसिंगांशी करणार आहे."