टाकीचा ताजा आकडा

“मॅडम, तुमचं मशीन खोटं बोलतंय.”

केजच्या दूध केंद्रात पाऊल ठेवल्याबरोबर हे ऐकलं आणि माझं डोकंच सटकलं. बोलणारा दुधाच्या मोठ्या स्टीलच्या टाकीला टेकून उभा होता. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि डोळ्यांत मिश्कील हसू. तो सोमेश्वर, केंद्र सांभाळणारा. मी ऋतुजा, पुण्याच्या कंपनीत ड्रायव्हर लिहिते. गाडी चालवणारा ड्रायव्हर नव्हे हो! कॉम्प्युटर आणि यंत्र यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम. टाकी थंड ठेवणारं ते नवं मशीन माझ्याच प्रोग्रॅमवर चालत होतं.

“मशीन खोटं बोलत नसतं,” मी फणकारले.

“मग हात लावून बघा की.”

त्यानं बाजूला सरकून जागा दिली. मी टाकीवर हात ठेवला... कोमट! आणि पडद्यावर थाटात चार डिग्री. त्यानं शांतपणे हातानं बटण दाबून कॉम्प्रेसर चालू केला, म्हणून दूध वाचलं. नाहीतर माझी काही खैर नव्हती.

मी साहेबांना फोन लावला. “एका दिवसात उरकते सर. या गावात राहतंय कोण!” मागे वळले, तर सोमेश्वर चहाचे दोन कप घेऊन उभा. त्यानं एक माझ्या हातात दिला.

एका दिवसाचे बारा दिवस झाले. केजातच राहणाऱ्या माझ्या मावशीकडे मुक्काम ठोकला. चूक काही सापडेना. सोमेश्वर दर तासाला थर्मामीटर बुडवायचा आणि खरा आकडा खडूनं भिंतीवर लिहायचा.

“आज तरी सापडंल का चोर?”

“तुम्ही चहा पाजा, मग सांगते.”

“पाजतो की. पर चोर लवकर धरू नका.”

“का?”

“उगाच... चहाला सोबत हाय.”

असं बोलून तो कॅन मोजायला पळायचा. आणि मी मात्र त्याच वाक्यावर अर्धा दिवस काढायची. आवडला होता मला तो. लपवून काय करू?

शुक्रवारी सोमेश्वरच्या शेजारच्या सारजाबाई दूध घालायला आल्या आणि हसत म्हणाल्या, “रविवारी आमच्या सोमेश्वरला पोरगी बघाया तलवाड्याला न्यायचंय. जीप बी ठरली.”

सोमेश्वरनं मान वर केलीच नाही. दोन दिवस! दोन दिवसांत काही बोलले नाही, तर हा माणूस हातचा जाणार होता. पण बोलायचं कसं? मी चिडून लॅपटॉप उघडला.

“तुमच्या पुण्यात तर नीट चाललंतं म्हणं,” सोमेश्वरनं हळूच विचारलं. “मग हितं कावून न्हाई?”

“तिथं मी दर वेळी मशीन बंद करून चालू करायचे, म्हणून आकडा दर वेळी ताजा—” मी थबकले. “अगं बाई!”

“काय झालं?”

“प्रोसेसर मोठा आळशी असतो. एकदा विचारलेला आकडा खिशात ठेवतो. पुन्हा विचारलं, की खिशातलाच काढून दाखवतो. आपल्या नेहमीच्या मेमरीला ते चालतं. पडद्यावरची अक्षरंसुद्धा साठवून एकगठ्ठा पाठवली तरी बिघडत नाही. पण टाकीचं तापमान? ते दर वेळी टाकीलाच विचारायला हवं! मी मात्र त्यालाही खिशात ठेवायची मुभा देऊन बसले होते.”

एक ओळ बदलली. पडद्यावर आकडा हलला... नऊ. सोमेश्वरनं थर्मामीटर बुडवला. नऊ! मी कॉम्प्रेसरला हुकूम पाठवला आणि लगेच त्याची स्थिती परत वाचली.

“आता हे कशापायी?”

“पाठवलेला हुकूम कधीकधी वाटेत रेंगाळतो. परत वाचलं, की पोचल्याची खात्री.”

कॉम्प्रेसर घुमायला लागला. सोमेश्वर हसला, मग थर्मामीटर पुसू लागला.

“म्हंजी... आता तुमी जानार.”

“कुणी सांगितलं?”

“तुमीच. पहिल्या दिवशी, फोनवर. या गावात राहतंय कोण म्हनला होता ना.”

“आणि तेवढ्यावर तलवाड्याला निघालात?”

“आई लई मागं लागलीय. मग काय करू? तुमचं उत्तर तर ठरलेलं...”

“अहो, ते बारा दिवसांपूर्वीचं उत्तर! खिशात घालून फिरताय होय? त्या टाकीसारखं माझंही बदललं असेल, असं एकदा तरी वाटलं का तुम्हाला?”

कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

“मग... नव्यानं विचारू?”

“विचारा की!”

“ऋतुजा...” पहिल्यांदाच मॅडम गळून पडलं होतं. “केजात राहशील? माझ्यासंगं?”

“राहीन. माझं काम इथून लॅपटॉपवरही होतं. आणि... मला तू आवडतोस. लई आवडतोस.”

तो ओठांत हसू दाबत म्हणाला, “परत सांग.”

“कशाला?”

“पोचलं का, खात्री करतो.”

“लबाड!” म्हणत मी परत सांगितलं. चांगलं मोठ्यानं.

“पोचलं गं माय, पार रस्त्यापोत्तर पोचलं!” दारात सारजाबाई. रिकामा कॅन विसरल्या होत्या, तो घ्यायला आल्या होत्या. “आता जिपवाल्याला मीच सांगते.”

रविवारी जीप आलीच. फक्त तलवाड्याऐवजी कपिलधारला देवदर्शनाला गेली, आणि पुढच्या सीटवर सोमेश्वरची आई माझा हात धरून बसली होती.