प्रत्येक प्रश्नाला वेगळा कागद

"एकाच कागदावर सतरा उत्तरं? हे नाही घेता येणार," नोंदणीबाई मान वर न करताच म्हणाली. "प्रत्येक प्रश्नाला वेगळा कागद. खाली छापलंय बघा."

समोरचा माणूस हलेना, म्हणून तिनं वर पाहिलं. खांद्यावर तारेचं वेटोळं, कमरेला पक्कड, केसांतून पावसाचं पाणी निथळतंय... आणि डोळे असे, की तिचं रागवायचं राहूनच गेलं. टेलिफोन कंपनीचा लाइनमन होता तो. पाळी संपवून, गावाच्या दुसऱ्या टोकापासून सायकल मारत आलेला.

"वेगळा कागद... बरं," तो म्हणाला. चुरगळलेला कागद खिशात घालून निघून गेला.

देशात टेलिफोनची कंपनी एकच. आता इतर कंपन्यांनाही दार उघडावं का, असं सरकारनं लोकांना विचारलं होतं. प्रश्न सतरा, मुदत कामाच्या चौदा दिवसांची. येईल तो कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, पेटीत टाकायचा, हे नोंदणीबाईचं काम. पण लोक फिरकतील तर शपथ! त्या लांबलचक दालनात ती, भिंतीवरचं घड्याळ आणि दाराशी पेंगणारे शिपाईकाका, एवढीच काय ती जनता.

दुसऱ्या दिवशी तो आला. हातात एकच कागद, पहिल्या प्रश्नाचा.

"सरकारी काम," तो हसला. "एका दिवशी एकच घेत असाल. दुसरा उद्या आणतो."

तसा काही नियम नव्हता हो. सतराच्या सतरा कागद एकदम चालले असते. ते सांगायला तिनं तोंड उघडलंही... पण माणसाचं मन मोठं लबाड. आयुष्यात एक खोटी नोंद न केलेली ही बाई, शिक्का मारून नुसतं "या" म्हणाली.

मग तो रोज येऊ लागला.

"आज अक्षर बरं आहे," ती म्हणायची.

"काल खांबावर बसून लिहिलं होतं. आज जमिनीवर."

"खांबावरून काय दिसतं?"

"सगळ्यांच्या खिडक्या. तुमची कुठली?"

"माझ्या खिडकीत बघण्यासारखं काही नाही."

"ते बघणाऱ्याला ठरवू द्या की —"

तिचा शिक्का वाकडा पडायचा. शिपाईकाका एक डोळा उघडून म्हणायचे, "पोरी, हा देशाचा कारभार सुधारायला येतो, की आणखी कशाला?"

"काका, तुम्ही झोपा बरं."

घरी तिची एक खोली. दादा-वहिनी लांबच्या गावी. टेलिफोनसाठी केलेल्या अर्जाला नऊ वर्षं झाली होती. सकाळी उपडी घातलेली कपबशी संध्याकाळी तशीच्या तशी दिसायची, हलवणारं दुसरं कोण असणार? पण हल्ली ती खोलीत शिरताना स्वतःशीच हसायची.

सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, "मुदत पुरेल ना? बाकीचे प्रश्न माझे, पण सोळावा आमच्या बेचाळीस जणांचा आहे. नव्या कंपन्या आल्या तर जुन्या कामगारांचं काय करायचं, हा. सगळ्यांनी बसून मजकूर ठरवलाय. नाही पोचला, तर मी त्यांना तोंड दाखवायचा नाही."

"पुरेल की," ती बोलून गेली.

तो गेल्यावर तिनं बोटांवर मोजलं. चौदा दिवस, त्यातला पहिला फुकट गेला. उरले तेरा. म्हणजे तेरा उत्तरं.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो दारातून हसत आला आणि तिनं नुसता शिक्का मारला. तिसऱ्या दिवशीही तेच. देवापुढे हात जोडले, तरी देव काही तिच्या वतीनं बोलायला येईना.

असा चौदावा दिवस उजाडला. पाच वाजता तो तेरावा कागद घेऊन आला. तिनं शिक्का हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"आज शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. "साडेपाचला पेटी बंद होईल. आणि... सगळे कागद एकदम चालतात. पहिल्या दिवसापासून चालत होते. मी सांगितलं नाही."

तो बघतच राहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"सोळावा —"

"अर्धा तास आहे. दोन तुम्ही उतरवा, दोन मी. सही तुमची लागेल."

खिशातून तो पहिल्या दिवशीचा चुरगळलेला कागद काढून त्यानं बाकावर पसरला. अक्षर इतकं बारीक, की दोघांना खेटून बसावं लागलं. त्याच्या ओल्या शर्टाचा गारवा तिच्या खांद्याला लागत होता. तो मात्र तिच्याकडे एकदाही बघत नव्हता. सोळावं उत्तर तिच्या वाट्याला आलं. "आम्ही जन्मभर लोकांना एकमेकांशी बोलतं केलं. आमच्याबद्दल ठरवताना कुणीतरी आमच्याशीही बोलावं." लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांपुढची ओळ पुसट झाली.

पाच अठ्ठावीस. चार सह्या, आणि तेराव्या कागदासकट पाच शिक्के. काकांनी पेटीच्या फटीवर लाख ओतली.

"का केलंत?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

ती उगाचच टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत राहिली. "साडेपाचला इथं कुलूप लागतं. मग दुसऱ्या दिवशी दहापर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. शनिवार-रविवार तर... नुसते गजर लावून ठेवते, आवाज यावा म्हणून. तुम्ही यायचात. सगळे कागद एकदम आणले असतेत, तर एकाच दिवसात संपलं असतं."

"बेचाळीस माणसं होती त्यात."

"हो. माझी चूक आहे. मला ती लहान वाटत नाही."

तो दारापर्यंत गेला. बाहेर बारीक पाऊस लागला होता. तिनं दिवे मालवले, कुलूप लावलं. वळून बघते तर हा पायरीवर सायकल धरून उभा.

"कुठल्या बाजूला घर?"

तिनं हात केला.

"चला."

दोघं चालू लागले. मध्ये नुसती सायकलची करकर. शेवटी तिलाच राहवेना.

"रागावलाय का अजून?"

"खूप," तो समोर बघत म्हणाला. "पण सगळा राग एका दिवसात संपवणार नाही मी. उद्याही येईन."